नसेतून, नाकातून, गालातून

माझ्या हाताला गुण आहे असं एटापल्लीकडचे लोक म्हणायचे. खरं तर ते माझ्या हाताला नव्हे, हातातल्या सुईला म्हणायचे. गोळी देणारी सिस्टर कोणाच्या लक्षात राहत नाही. सुई टोचणारी मात्र आठवडी बाजारात दिसली तरी लोक हातातली पिशवी खाली ठेवून जोहार करतात. सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातला निम्मा वेळ "तुम्हाला सुईची गरज नाही" हे पटवण्यातच गेला. आता निवृत्त होऊन गोंडपिपरीला भावाच्या शेजारी राहते, तर परवा शेजारीण सर्दी घेऊन आली आणि काही बोलायच्या आत दंड पुढे करून बसली!

सुरुवातीची काही वर्षं मी घुग्घुसला होते. तिथे खाणीतला एक गडी यायचा. त्याला फेफऱ्याचा, म्हणजे मिरगीचा त्रास होता. रोजची गोळी तो चार दिवस घ्यायचा आणि बरं वाटलं की सोडून द्यायचा. पुन्हा झटका आला की पाळी सुटल्यावर धुळीने माखलेल्या मोटारसायकलवरून थेट आमच्या दारात. "सिस्टर, रोज-रोज गोळीची कटकट कायले? महिन्याची एकच जबरदस्त सुई देऊन टाका ना. गाडीचं ऑइल बदलतो तसं."

मी म्हणायचे, "भाऊ, तुमचं डोकं म्हणजे गाडी नाही."

"गाडीच आहे जी. बंद पडते, मंग किक मारा लागते."

त्याच्यासारख्यांना समजावता समजावता मीच हा विषय नीट शिकले. झटक्याचं औषध कोणतंही असो, त्याला शेवटी मेंदूपर्यंत पोचायचं असतं. तोंडातून दिलं तर ते आधी पोटात जातं, मग आतड्यात, तिथून यकृतात. यकृत म्हणजे आपल्या अंगातला जकात नाका. येणाऱ्या प्रत्येक मालातला थोडा हिस्सा ते ठेवून घेतं. उरलेलं रक्तात उतरतं आणि मग कुठे मेंदूला मिळतं. ही वाट लांबची आहे, पण रोज जायला हीच चांगली. रोज थोडं थोडं जात राहिलं की रक्तात औषधाची एक पातळी बनते आणि ती टिकली की झटका येत नाही. चालू असलेला झटका थांबवायला मात्र ही वाट कामाची नाही. तोंड घट्ट मिटलेलं असतं, गिळता येत नाही आणि पाणी श्वासनळीत गेलं तर माणूस गुदमरतो. सुई दंडात किंवा कमरेत मारली तर आमच्याकडचं नेहमीचं औषध मांसातच रेंगाळायचं, कधी लवकर उतरायचं, कधी उशिरा. नस सापडली तर सगळ्यात उत्तम, सुई बाहेर काढेपर्यंत औषध मेंदूत. पण नस सापडली तर!

हे "तर" केवढं मोठं असतं ते सुनीताने मला दाखवलं.

एटापल्लीला येऊन मला बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी जेवणाचा डबा उघडत होते तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत खाट, खाटेवर सात-आठ वर्षांची पोरगी, आणि सगळं अंग ताठ होऊन गदगदा हलतंय. तोंडाला फेस, नाकापाशी कांदा, मुठीत विळा. लोखंड हातात दिलं की झटका उतरतो ही आमच्याकडची समजूत. मी आधी तो विळा काढून घेतला, कारण झटका उतरला नसता पण बोट नक्की उतरलं असतं. बाप चैतू खाटेबरोबर धावत आत आला. आई बुधरी दारातच भिंतीला धरून उभी राहिली.

गाव सोडल्यापासून पोरगी अशीच होती. झटका जितका लांबतो तितका मेंदूला मार बसतो, तितका तो थांबवायला कठीण जातो. आमच्या डॉक्टर मॅडम नव्यानेच रुजू झाल्या होत्या, हुशार आणि जिद्दी. त्यांनी एक हात धरला, मी दुसरा. दंडाला पट्टा बांधला, नस फुगेना. फुगली तर हात हिसका मारी आणि सुई निसटे. माझ्या हाताला गुण असण्याचा तो दिवस नव्हता.

"मॅडम, खालून देऊ?" मी विचारलं.

"द्या," त्या म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत.

मी नसेतून द्यायचंच औषध सिरिंजमध्ये भरलं, सुई काढून टाकली, पुढे रबराची बारीक नळी लावली आणि पोरीला कुशीवर वळवून तिची चड्डी खाली ओढली. चैतू ओरडलाच. "ओ बाई, काय करून राह्यल्या? पोरीले डोक्यात झाली बिमारी, अन् तुमी औषध ढुंगणात देता?"

त्याचं चुकलं नव्हतं. कोणत्याही शहाण्या माणसाला असंच वाटेल. पण गुदद्वाराच्या आतली कातडी फार पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथे दिलेलं औषध आतड्याची लांबलचक वारी न करता बरंचसं थेट रक्तात शिरतं, जकात नाका चुकवून. मी औषध सोडलं आणि बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही कुल्ले हाताने दाबून धरले. डॉक्टर मॅडम श्वासावर नजर ठेवून होत्या, कारण या औषधाने झटका थांबतो तसा कधी श्वासही मंद होतो. चैतू तोंडातल्या तोंडात माझा उद्धार करत होता. मग पायाची थरथर कमी झाली, हात सैल पडले, आणि पोरीने एक मोठा उसासा टाकून घोरायला सुरुवात केली.

ते घोरणं ऐकून जो आनंद होतो तो तुम्हाला कसा सांगू! मी तशीच खाली बसले. चैतू माझ्याकडे बघत राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बाई, आता हात काढा जी."

सुनीताचं आणि माझं नातं असं जमलं.

डॉक्टर मॅडमनी तिला रोजचं औषध सुरू केलं. गोळी तिला गिळता येईना, म्हणून बाटलीतलं पातळ औषध दिलं, गुलाबीसर, गोड. महिन्याची एक बाटली. बुधरी दर महिन्याला बाजाराच्या दिवशी रिकामी बाटली घेऊन यायची आणि भरलेली घेऊन जायची. एक दिवस चुकवला नाही तिने. मोहफुलांच्या दिवसांत अख्खं गाव पहाटे जंगलात जातं, तेव्हाही ती बाटली टोपलीत घालून सोबत न्यायची. माझ्या नोकरीत औषध मधेच सोडून जीव गमावलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यातल्या दोघांची तोंडं अजून डोळ्यांपुढे येतात आणि वाटतं, आणखी एकदा त्यांच्या गावी जायला हवं होतं. त्यामुळे बुधरीसारखी आई पाहिली की मला धीर यायचा.

आणि तरीही झटके थांबेनात.

सुनीता आश्रमशाळेत होती, सुट्टी सोडली तर तिथेच राहायची. तिथे औषध वसतिगृहाच्या अधीक्षिकेने द्यावं असं ठरलं होतं, पण ती परत जाताच वसतिगृहात तिला मोठा झटका आला. बाकीच्या पोरी किंचाळत पळाल्या. दुसऱ्या दिवशी अधीक्षिकेने तिला बाटलीसकट घरी धाडलं. बाई वाईट नव्हती, घाबरलेली होती. मी भेटायला गेले तर म्हणाली, "सिस्टर, शंभरावर पोरी आहेत माझ्याकडे अन् मी एकटी. हिले काही झालं तं मी कोणाले तोंड दाखवू? झटके बंद झाले की आणा. आनंदानं घेतो."

सुनीताला शाळेचं वेड होतं. पाढे म्हणायची, वाचायची, घरी धाकट्या भावाला ओळीत उभं करून प्रार्थना म्हणायला लावायची. दर महिन्याला आईबरोबर यायची आणि मला एकच विचारायची, "बाई, आता जाऊ का शाळेत?" मी म्हणायचे, जरा थांब. ती मान हलवायची. त्या मान हलवण्याचा मला फार त्रास व्हायचा.

झटक्यांची तऱ्हाही विचित्र होती. नवी बाटली सुरू झाली की पंधरवडाभर झटके. मग झटके थांबायचे, पण पोरगी झिंगल्यासारखी चालायची, डोळे भिरभिरायचे, उलट्या व्हायच्या. ही औषध जास्त झाल्याची लक्षणं. म्हणजे महिन्याच्या एका टोकाला औषध कमी, दुसऱ्या टोकाला जास्त, आणि मात्रा मात्र रोज तीच! डॉक्टर मॅडमनी मात्रा किंचित वाढवून पाहिली तर झिंगणं वाढलं, झटके होते तिथेच. या औषधाचा स्वभावच तसा आहे, एका हद्दीपर्यंत निमूट असतं आणि हद्द ओलांडली की रक्तात भसकन वाढतं. रक्तातली पातळी मोजायची सोय जवळपास नव्हती. आम्ही दोघी डोकं धरून बसायचो.

चैतूने मात्र उत्तर काढलं होतं. "हे चंद्राचं आहे," तो म्हणाला. "चंद्र वाढते तवा झटका, उतरते तवा चक्कर. पुजाऱ्यानं बी तेच सांगतलं. हे बाटली संपू द्या. यातही झटका आला तं औषध बंद. झाडपाल्यानं होईल ते होईल."

मी घाबरले. हे औषध एकदम बंद केलं तर झटक्यामागून झटका येतो आणि थांबत नाही. पहिल्या दुपारसारखा ट्रॅक्टर मिळेलच याची खात्री नव्हती, आणि पावसात नाला चढला तर ट्रॅक्टर मिळूनही उपयोग नव्हता. शाळा गेली होतीच, आता पोरगी जाईल असं मला स्वच्छ दिसू लागलं.

फिरत्या पथकाची गाडी त्या आठवड्यात त्यांच्या गावाकडे जाणार होती. माझी पाळी नव्हती तरी मी गाडीत चढले. डॉक्टर मॅडमही होत्या. गावात पोचलो तेव्हा बुधरी अंगण सारवत होती. मी म्हटलं, "बुधरीबाई, औषध कसं देता ते मला दाखवा. मी नुसती बघते."

ती हात धुऊन आली. घरात खांबाला, चुलीपासून दूर, शिंक्यात बाटली ठेवलेली होती. देवाची वस्तू काढावी तशी तिने ती दोन्ही हातांनी काढली. जराही हिंदकळू न देता, श्वास रोखून. झाकण उघडलं, बाटली हळूहळू कलती केली आणि वरचं निवळ औषध झाकणाच्या मापात ओतलं. एक थेंब सांडला नाही. सुनीताने ते पिऊन तोंड पुसलं. बुधरीने बाटली तितक्याच हळू परत ठेवली.

मी बाटलीकडे पाहिलं. तळाला बोटभर जाड, फिकट थर बसलेला होता.

"बुधरीबाई, बाटली हलवून द्या म्हणून मी दर महिन्याला सांगत होते ना?"

"हो जी. हलवतो ना," ती म्हणाली. "आणली का सांजच्याले चांगली हलवतो. मंग ठेवून देतो. गाळ बसते. मंग वरचं निवळ-निवळ देतो."

"गाळ कशाला बसू देता?"

तिने माझ्याकडे बघितलं ते माझी कीव आल्यासारखं. "औषध हाय ना बाई ते. काढा गाळ बसल्याबिगर पाजते का कोणी? गाळ पोटात गेला का पोट जळते. माहा बाप जडीबुटी द्यायचा, तो सांगे, औषधाले धक्का लावू नोको."

आमच्याकडे झाडपाल्याचा काढा असाच देतात. मुळी कुटायची, उकळायची, ढवळायची आणि मग रात्रभर निवळत ठेवायची. वरचं प्यायचं, गाळ झाडाच्या बुंध्याशी ओतायचा. बुधरी जडीबुटी देणाऱ्याची पोरगी, तिला हे कोणी शिकवायची गरजच नव्हती. मी सांगितलं हलवा, तिने हलवलं. बापाने सांगितलं निवळू दे, तिने निवळू दिलं. दोघांचंही ऐकलं बिचारीने!

पण आमचं बाटलीतलं औषध पाण्यात विरघळलेलं नसतं. त्याची बारीक पूड त्या गोड पाण्यात नुसती तरंगत असते, आणि बाटली स्थिर ठेवली की तळाला जाते. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला सुनीताच्या पोटात जवळजवळ साखरपाणी जात होतं, म्हणून झटके. आणि बाटली सरत आली की नाइलाजाने तळाचा घट्ट माल जायचा, म्हणून झिंग. बाजाराच्या दिवशी नवी बाटली, पुन्हा साखरपाणी. चैतूला चंद्र दिसला, आम्हाला मात्रा दिसली. शिंकं कोणालाच दिसलं नाही.

डॉक्टर मॅडम अंगणातच पाटावर बसल्या आणि खळखळून हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "सिस्टर, मी अख्खं पुस्तक धुंडाळलं हो या पोरीसाठी!"

आता बुधरीला पटवायचं कसं? तिच्या बापाच्या विरुद्ध बोलून चालणार नव्हतं. मी दोन वाट्या मागितल्या. एकीत वरचं निवळ ओतलं, दुसरीत तळाचं. एकीत गुलाबी पाणी, दुसरीत पिठल्यासारखं दाट. "औषध या दुसऱ्या वाटीत आहे," मी म्हटलं. चैतू वाकून पाहत होता. "म्हणजे आमी पोरीले पाणी पाजून राह्यलो होतो?" बुधरी एकदा या वाटीकडे, एकदा त्या वाटीकडे बघत राहिली. मग तिची नजर चुलीशेजारच्या आंबिलीच्या मडक्यावर गेली.

"आंबिलीसारखं हाय हे," ती हळूच म्हणाली. "वरचं पाणी पेलं तं भूक जात नाई. पीठ खाली असते. ढवळूनच घ्या लागते."

मी तिला मिठीच मारली. इतकी वर्षं नोकरी केली, पण हे मला सुचलं नसतं. पुढे कोणालाही बाटलीतलं औषध देताना मी "हलवा" म्हणणं सोडून दिलं. "आंबिलीसारखं, दर वेळी, ओतायच्या आधी," एवढंच सांगायचे. एटापल्लीच्या मोहवाल्यांना समजायचं आणि आता गोंडपिपरीच्या कापूसवाल्यांनाही समजतं.

जुनी बाटली आम्ही ताब्यात घेतली. तिचा तळ आता हलवून दिला असता तर पोरगी आडवीच झाली असती. नवी बाटली, मात्रा वाढवण्याआधीची, पहिलीच. पहिला पंधरवडा माझा जीव टांगणीला होता. चैतू बाजारात आला आणि लांबूनच त्याने हात आडवा हलवला. झटका नाही. पुढच्या महिन्यातही नाही. चक्करही नाही. पावसाळा गेला, धान कापणीला आलं, सुनीता धडपणे चालत होती, आणि चैतू चंद्राचं नाव काढेना.

मग आम्ही तिला घेऊन आश्रमशाळेत गेलो. अधीक्षिकेने वचन पाळलं, पण आधी मला बाजूला घेतलं. "अन् आला तं?" तिने विचारलं. "दवाखाना इथून किती दूर! मी ते खालून-बिलून काही करनार नाई, सांगून ठेवतो."

तोपर्यंत नाकात मारायचा फवारा आमच्याकडे आला होता. बऱ्याच वेळा पुरेल एवढं औषध असलेली ती बाटली मी तिच्या हातात दिली. नाकाच्या आतली कातडी ओलसर आणि रक्ताने भरलेली असते. तिथे औषधाची बारीक फवार बसली की काही मिनिटांत रक्तात. नस शोधायला नको, चड्डी काढायला नको, तोंड उघडायला नको. मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर तिच्याकडून सराव करून घेतला. ती नाक मुरडत होती, पण शिकली. पोरीला कुशीवर घ्यायचं, घट्ट धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, एका वेळच्या मात्रेतलं अर्धं या नाकपुडीत, अर्धं त्या. फवारा तिने कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

हिवाळ्यात, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, तिचा फोन आला. सुनीताला रात्रीपासून ताप होता आणि प्रार्थनेच्या रांगेतच ती कोसळली होती.

"सिस्टर, मी मारला! दोनी नाकात मारला! थांबत नाई! औषध बाहेरच येऊन राह्यलं!" मागे पोरींचा गलका. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. डॉक्टर मॅडम शेजारीच होत्या, त्यांनी रुग्णवाहिकेला निघायला सांगितलं.

"बाहेर कसं येतंय?" मी विचारलं.

"ओघळून. नाक तेलकट आहे हिचं, एकदम चिकट."

"काल घरचं कोणी आलं होतं का?"

"आई आली होती. सर्दी झाली होती हिले."

मी कपाळाला हात लावला. सर्दी झाली की आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून नाकात सोडतात. एरवी बिघडत नाही, पण तेलाच्या थरावर पाणी टिकतं का? औषध कातडीला शिवलंच नव्हतं. वरून घसरून गेलं होतं.

डॉक्टर मॅडमनी फोन हातात घेतला. त्यांचा आवाज इतका शांत होता की मलाही धीर आला. "अधीक्षिका बाई, ऐका. पहिलं औषध आत गेलेलं नाही, म्हणून पुन्हा द्यायचं आहे. पण आता नाकात नाही, गालात. ती कुशीवर आहे ना? तोंडातला फेस पुसा. खालच्या ओठाचा कोपरा बोटाने बाहेर ओढा. दातांच्या मध्ये बोट घालू नका. गाल आणि हिरडीच्या मधे जी फट आहे, तिथे हळूहळू मारा. मग बाहेरून गाल चोळत राहा."

गालाच्या आतली कातडीही तशीच पातळ आणि रक्ताने भरलेली. तिथे औषध गिळावं लागत नाही, दात उघडावे लागत नाहीत. ही वाट आम्ही तिला शिकवलीच नव्हती. तिकडून काही ऐकू येईना. मग फवाऱ्याचा आवाज आला. मग नुसता तिचा श्वास. ती पोरीला काहीतरी पुटपुटत होती, "बस बाई, बस माहे माय, झालं, झालं." मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. डॉक्टर मॅडम अधूनमधून विचारत होत्या, छाती हलते का, ओठांचा रंग कसा आहे. अधीक्षिका "हलते जी" म्हणत होती.

आणि मग ती एकदम रडायलाच लागली. मी फोन हिसकावून घेतला.

"काय झालं? बोला ना!"

"घोरून राह्यली, सिस्टर. पोरगी घोरून राह्यली."

रुग्णवाहिकेतून अधीक्षिका स्वतः सुनीताला घेऊन आली. पदर तेलाने आणि लाळेने माखलेला. आम्ही सुनीताचा ताप उतरवला, श्वास पाहिला, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चैतू आणि बुधरी आले, अधीक्षिकाही शाळेतून पुन्हा आली. पोरगी खाटेवर बसून बिस्किट खात होती. बुधरी तिच्या पायाशी बसली आणि रडत म्हणाली, "म्याच तेल टाकलं बाई. माहाच हात." मी म्हटलं, सर्दीला तेल टाकलंस, तू काय विष घातलंस? पुढे एवढंच लक्षात ठेव, हिच्या नाकाला तेल नाही.

चैतू मात्र अधीक्षिकेपुढे मान खाली घालून उभा राहिला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. "तुमाले बहुत त्रास झाला मॅडम," तो म्हणाला. "झटका आला. तुमी म्हणल्या होत्या, झटके बंद झाले तरच. आता पोरीले घरी नेतो. तिचे कपडे, पुस्तकं देऊन द्या."

सुनीताचा बिस्किटाचा हात तोंडापाशीच थांबला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, ती सरळ अधीक्षिकेकडे बघत होती. मी मधे बोलणार होते, पण डॉक्टर मॅडमनी माझा दंड धरला.

"नाई देत," अधीक्षिका म्हणाली.

चैतूला कळेना. "काऊन जी?"

"तवा वसतिगृहात झटका आला होता ना हिले," ती म्हणाली, "मी खोलीच्या बाहेर जाऊन उभी राह्यली होती. दार लोटून घेतलं होतं. पोरगी आत एकटीच होती. कोणाले सांगतलं नाई मी आजपावेतो. काल नाई गेली बाहेर. माह्या हातानं थांबवला मी." तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "झटका येईल तं येऊ द्या ना चैतूभाऊ. आता मले येते."

मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडून घेतलं. सांगायला लाज कसली?

परत आले तेव्हा चैतू अजून तिथेच उभा होता. तो पोरीकडे बघत होता, मग अधीक्षिकेकडे. त्याने टोपी काढून हातात फिरवली. शेवटी ती डोक्यावर ठेवून म्हणाला, "तं आमी जातो जी. धान खळ्यावर पडून हाय."

दुपारच्या बसमध्ये नवरा-बायको चढले. पोरगी मागे ठेवून, रिकाम्या हातांनी.